नाला खोल केला, भिंत वाढवली, तरी पाणी येईल का? नागपूरकरांसाठी थोडं लांबलचक उत्तर

नाग नदीकाठच्या एका लेआऊटमधल्या ताईंचा प्रश्न आहे. 23 सप्टेंबर 2023 ला त्यांच्या घरात पाणी शिरलं, मग सोसायटीने वर्गणी काढून नाल्याच्या बाजूची भिंत दोन फूट वाढवली, पुढच्या उन्हाळ्यात पोकलेन लावून नाला खोल झाला, आणि आता जो तो म्हणून राहिला की "पुरासाठी पूर्ण नदीखोऱ्याचा विचार करायला पाहिजे". तर हे खोरं-बिरं नेमकं काय प्रकरण आहे, आणि त्याचा आमच्या गल्लीला काय उपयोग, हे त्यांना समजून घ्यायचंय.

माझी नोकरी धरणांवर आणि पूरनियंत्रण कक्षात गेली, त्यामुळे थोडं तिकडूनच सांगतो. भिंतीने तुमचं घर कदाचित वाचेल, पण ते पाणी जिरलं नाही की आटलं नाही, ते समोरच्या काठावर नाहीतर खालच्या वस्तीत गेलं. समोरच्यांनी पण भिंत वाढवली की पात्र दोन्हीकडून आवळलं जातं, पातळी अजून चढते, आणि पुढच्या पुलियाजवळ पाणी रस्त्यावर येतं. प्रत्येक जण आपल्या हद्दीपुरतं बरोबर काम करतो आणि सगळ्यांचं मिळून चुकतं, पुराचं हे असंच आहे. खोऱ्याचा विचार म्हणजे एवढंच की वरपासून खालपर्यंत पाणी कुठे थांबवायचं, किती वेळ थांबवायचं, कुठून जाऊ द्यायचं आणि कुठे त्याला पसरायला जागा द्यायची, हे पाऊस यायच्या आधी एकत्र बसून ठरवायचं. पाऊस कमी करणं कोणाच्या हातात नाही, पण पाणी कोणत्या वेळेला कुठे पोचेल हे थोडंफार हातात असतं.

आता 23 तारखेचंच बघा. पहाटे काही तासांत शंभर मिलीमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव आधीच काठोकाठ होता, सांडव्यावरून पाणी उसळलं आणि अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी करत करत पार सीताबर्डीच्या मोरभवन स्टँडपर्यंत गेलं, बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या, लोक झोपेतून उठले ते कमरेइतक्या पाण्यात. नंतर चर्चा झाली ती बहुतेक सांडव्यासमोरच्या विवेकानंद पुतळ्याची, पात्रावरच्या बांधकामांची, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिकेत गेलं. ती चर्चा व्हायलाच पाहिजे होती, वाद नाही. पण मला त्यात एक गोष्ट कमी वाटते ती म्हणजे हिशोब.

हिशोब सोपा आहे, कागद पेन घ्या. एका चौरस किलोमीटरवर 100 मिलीमीटर पाऊस म्हणजे 1 लाख घनमीटर पाणी, लिटरमध्ये 10 कोटी. समजा तुमच्या नाल्याला 10 चौरस किलोमीटरचं पाणी येतं (उदाहरण म्हणून धरतो), आणि सप्टेंबर असल्याने जमीन भिजून गच्च झालेली, वरून सिमेंटचे रस्ते, टाइल्सची अंगणं, म्हणजे शंभरातलं ऐंशी वाहूनच येणार. 8 लाख घनमीटर, चार तासांत. सेकंदाला काढलं तर 55 घनमीटरच्या वर, आणि ही सरासरी झाली, ऐन जोरात याच्या बरंच वर जातं. पाणी सेकंदाला 2 मीटर वेगाने पळतं असं धरलं तर त्याला 28 चौरस मीटरचा गाळा (पाणी जायची मोकळी जागा) लागतो, म्हणजे 14 मीटर रुंद आणि 2 मीटर खोल मोकळं पात्र. आता तुमच्या गल्लीतल्या पुलियाखाली वाकून बघा. एक मीटर व्यासाचे तीन ह्यूम पाइप असतील तर तिन्ही मिळून गाळा अडीच चौरस मीटरसुद्धा भरत नाही, त्यातून जेमतेम पाच घनमीटर जातील. त्यात पाण्याची पाइपलाइन आडवी गेलेली, केबलची नळी लटकलेली, तिला थर्माकोल, पन्न्या, निर्माल्य, एखादी गादी अडकलेली. नाला वरखाली कितीही खोल करा, ही पुलिया जोवर तशीच आहे तोवर तो फक्त लांबट टाकं आहे. म्हणून पावसाळ्याआधीच्या नदी स्वच्छता मोहिमेत किती ट्रक गाळ निघाला यावर मी फार जात नाही, मी विचारतो पुलिया किती मोठ्या केल्या. गाळ काढणं गरजेचंच आहे, पण त्याने गाळा थोडा वाढतो, दहापट वाढत नाही.

बरं मग पुलिया मोठ्या केल्या, पात्र रुंद केलं, प्रश्न मिटला का? तुमच्या गल्लीचा बराचसा मिटेल. पण तेच पाणी आता जास्त वेगाने, जास्त लवकर खाली जाईल. नाग नदी अख्खं शहर ओलांडून, गोरेवाड्याकडून येणाऱ्या पिवळी नदीला सोबत घेऊन पुढे कन्हानला मिळते. वरच्या मंडळींनी पाणी अर्ध्या तासात मोकळं केलं आणि खाली पूर्व नागपूरचं स्वतःचं पाणी तेव्हाच नदीत येऊन राहिलं असेल, तर दोन्ही लाटा एकावर एक चढतात. म्हणून मोकळं करण्यासोबत थांबवणं पण लागतं, आणि थांबवायची जागा वरच्या बाजूला असते, म्हणजे वाडी, हिंगणा, लाव्हा त्या अंगाला. आता गंमत अशी की तलाव महापालिकेचा, वरचं पाणलोट क्षेत्र नगरपरिषद, एमआयडीसी आणि ग्रामपंचायतींच्या हद्दीत, बांधकामाच्या परवानग्या अजून तिसऱ्याच कार्यालयात, नदीकाठची काही जागा सुधार प्रन्यासची. वर एखादं पडीत रान लेआऊट झालं की त्याचं पाणी अंबाझरीत पूर्वीपेक्षा लवकर येतं, पण त्या लेआऊटच्या फाइलमध्ये अंबाझरीचं नावसुद्धा नसतं. नवीन लेआऊट मंजूर करताना "तुझ्या जागेतून आधी जेवढं पाणी तासाला बाहेर जायचं तेवढंच यापुढे जाईल अशी सोय दाखव" एवढी एक अट वरच्या भागात टाकली आणि खरोखर पाळली, तर मला वाटतं खालच्या चार भिंतींचा पैसा वाचेल. सोय म्हणजे फार काही नाही, खेळायचं मैदान रस्त्यापेक्षा तीन फूट खाली ठेवायचं, बाहेर पडायला छोटा पाइप, मोठ्या पावसात मैदान दोन-चार तास तुंबणार आणि मग हळूहळू रिकामं होणार.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पूर अडवायला भरलेला तलाव कामाचा नसतो, रिकामी जागा कामाची असते. अंबाझरी 1870 च्या सुमाराचा, पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला. आज त्याला आपण भरलेला बघायला जातो, फोटो काढतो, ओव्हरफ्लोची वाट बघतो, पोरं तिथे भुट्टे खात उभी असतात. पण सप्टेंबरमध्ये तो काठोकाठ असेल तर पुरासाठी तो नसल्यासारखाच, वरून आलं तेवढं खाली. पाऊस यायच्या दोन दिवस आधी त्यातून थोडं पाणी सोडायची सोय असली, म्हणजे तळाकडून दरवाजे, तर एखादा मीटर पातळी उतरवून ठेवता येते. हाच नियम शेततळ्यांना, नाला खोलीकरणाला, जलयुक्तच्या बंधाऱ्यांना. त्यांची बाजू घेणाऱ्यांनी रागावू नये, मी पण ती कामं केली आहेत आणि विहिरींना त्याचा फायदा डोळ्याने पाहिला आहे. पण 30 बाय 30 बाय 3 मीटरच्या शेततळ्यात साधारण 2 हजार घनमीटर पाणी मावतं, वरचा 1 लाखाचा हिशोब आठवा, एका चौरस किलोमीटरला अशी पन्नास लागतील आणि ती सगळी त्या दिवशी रिकामी लागतील. ऑगस्ट संपता संपता ती भरलेली असतात. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाला ती मदत करतात, ऑगस्ट-सप्टेंबरच्या मोठ्या पुराला फारच थोडी. जंगलाचं पण असंच, मधल्या पुरांना जंगल चांगलं अडवतं, माती धरून ठेवतं म्हणून खाली गाळ कमी येतो, पण सलग तीन दिवस कोसळल्यावर काळी माती एकदा फुगून बंद झाली की झाड असो की नसो पाणी वाहणारच. "झाडं लावा पूर थांबेल" असं जे सांगतात ते अर्धंच सांगतात.

आता शहराच्या बाहेर निघू, कारण खोरं म्हणजे काय ते तिथे खरं दिसतं. ऑगस्ट 2020 चा शेवटचा आठवडा. छिंदवाडा, शिवनी भागात जोरदार पाऊस झाला. पेंच नदीवर मध्य प्रदेशात चौराईचं धरण आहे, त्याचे दरवाजे उघडले, ते पाणी आपल्या तोतलाडोहात आलं, तोतलाडोह भरलेलं होतं म्हणून त्याचे दरवाजे उघडले, मग खालच्या नवेगाव खैरीचे, आणि पारशिवनी, कामठी, मौदा पट्ट्यात कन्हानने गावंच्या गावं वेढली. तिकडे वैनगंगेवर शिवनीतल्या संजय सरोवरातून पण पाणी सुटलेलं. ही वैनगंगा भंडाऱ्यावरून येते, कन्हान तिला आंभोऱ्याला मिळते, आणि खाली पवनीजवळ गोसीखुर्द धरण. गोसीखुर्दचे 33 च्या 33 दरवाजे उघडले, भंडारा शहराच्या सखल भागात पाणी घुसलेलंच होतं, आणि खाली ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोलीकडे हाहाकार. ब्रह्मपुरी तालुक्यातलं लाडज गाव नदीच्या मधोमध, लोकांना बोटीने काढावं लागलं. खालच्या बऱ्याच गावांत पाऊस तेव्हा म्हणावा तसा नव्हता आणि तरी घरात पाणी, लोकांना समजेना हे येऊन कुठून राहिलं.

लगेच सगळीकडे एकच वाक्य, "दरवाजे उघडले म्हणून पूर आला". थोडं थांबून बघा. धरण भरलेलं असताना वरून येईल तेवढं सोडावंच लागतं, नाही सोडलं तर धरणच धोक्यात येतं. चूक झाली असेल तर ती त्या रात्री नसते, आधीच्या आठवड्यात असते, जेव्हा धरण भरत होतं आणि कोणी जागा ठेवली नाही. आणि जागा काहून ठेवली नाही? तर त्याच्या आदल्याच वर्षी, 2019 च्या जुलैमध्ये, तोतलाडोह मृतसाठ्याला टेकलं होतं आणि नागपूरला दिवसाआड पाणी होतं. चौराई झाल्यापासून पेंचमध्ये पूर्वीसारखं पाणी येत नाही हे तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं. आता त्या खुर्चीवर बसलेल्या अभियंत्याच्या जागी स्वतःला ठेवा. ऑगस्टमध्ये धरण 95 टक्के भरलंय, खाली नागपूरचं पिणं, कोराडी-खापरखेड्याची वीज, भंडाऱ्यापर्यंतचं धान. त्याने पुराच्या भीतीने 15 टक्के सोडून दिलं आणि पुढे पाऊस आलाच नाही, तर उन्हाळ्यात त्याला कोण वाचवणार? आणि नाही सोडलं, पूर आला, तर म्हणायला मोकळा की निसर्गापुढे काय चालतं. म्हणजे एका बाजूला सगळी जबाबदारी त्याच्या एकट्याच्या डोक्यावर, दुसऱ्या बाजूला कोणाच्याच नाही. मी त्या खुर्चीच्या आसपास वावरलेला माणूस आहे, सांगतो, कोणीही असता तरी त्याने धरण भरूनच ठेवलं असतं.

म्हणून खोऱ्याचं नियोजन म्हणजे माझ्या मते आधी हा निर्णय त्या एकट्या माणसाच्या डोक्यावरून काढणं. प्रत्येक धरणाला परिचालन सूची असते, अमुक तारखेला अमुक पातळीच्या वर जायचं नाही. पण ती बहुतेक त्या एका धरणापुरती असते. पाहिजे ती साखळीची, चौराई, तोतलाडोह, खैरी, संजय सरोवर आणि गोसीखुर्द मिळून. हवामान खात्याचा तीन-चार दिवसांचा अंदाज आला की कोणत्या धरणाने आधी किती सोडायचं, कन्हानची लाट आंभोऱ्याला पोचायच्या आत वैनगंगेची पुढे कशी काढायची, किंवा उलट एक लाट काही तास मागे कशी धरायची, हे संगणकावर आधीच चालवून ठेवलेलं पाहिजे. दोन लाटा एकाच वेळी भेटल्या तर खाली जी पातळी होते, ती त्या काही तास मागेपुढे आल्या तर होत नाही, पाणी तेवढंच असतं तरी. आणि अंदाज चुकला, पाणी वाया गेलं, तर त्याची भरपाई कशी हे पण आधीच लिहून ठेवलं पाहिजे, शहराने इतके दिवस कपात सोसायची, वीज केंद्राने सांडपाणी शुद्ध करून वापरायचं, वगैरे. हे लिहिलेलं नसेल तर कोणीच दरवाजा उचलणार नाही.

कायदा नाही असं पण नाही. नदी मंडळ कायदा 1956 पासून पुस्तकात आहे, आंतरराज्य नद्यांसाठी मंडळं करता येतात, पण राज्यांनी तो वापरलाच नाही. वैनगंगेचं पाणी शेवटी गोदावरीत जातं, त्या गोदावरी लवादाचा निवाडा 1980 चा, त्यात वाटणी आहे, किती पाणी कोणाचं. पाणी कमी असताना कोणाला किती, यावर आपण भांडायला शिकलो, जास्त असताना कोण किती वेळ धरेल याची कलमं फार कमी. कृष्णेला 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर बुडलं तेव्हा कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून जे भांडण झालं ते आपल्याकडे चौराईवरून होतं, नाव फक्त बदलतं.

एकाच छत्राखाली आणलं की सगळं सुरळीत होतं असंही समजू नका. दामोदर खोरे महामंडळ 1948 मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर झालं, पूर्ण खोरं एका संस्थेकडे. मूळ आराखड्यात जितकी धरणं होती त्यातली आधी चारच झाली, तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत, आणि पुराचं पाणी धरायला जेवढी जमीन लागणार होती तेवढी सगळी संपादित झाली नाही. त्यातून खाली काय झालं, तर धरणं झाली म्हणून लोक निर्धास्त होऊन पात्राजवळ सरकले. आजही दामोदरमधून पाणी सुटलं की बंगाल आणि झारखंड एकमेकांवर बोट दाखवतात. महामंडळाची पाटी लावणं सोपं आहे हो, पुरासाठी जागा रिकामी ठेवणं अवघड. नेदरलँड्सवाल्यांनी 1993 आणि 1995 च्या पुरांनंतर उलटा विचार केला, बांध अजून उंच करण्याऐवजी नदीला जागा परत द्यायची. नायमेगन शहराजवळ वाल नदीचा बांध साडेतीनशे मीटर मागे घेतला, आत नवा प्रवाह खोदला, त्यासाठी घरं हलवली. आपल्याकडे साडेतीन मीटर मागे सरकायचं म्हटलं तर पहिले नगरसेवकाला फोन जातो.

जागेवरून पूररेषेचं सांगतो, कारण ताईंच्या ते थेट कामाचं आहे. महाराष्ट्रात नदीकाठाला निळी आणि लाल अशा दोन रेषा आखतात. निळी म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, तिच्या आत बांधकाम बंद. लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात अटींवर बांधकाम. लोकांना वाटतं 25 वर्षांची म्हणजे एकदा आला की पुढची 24 वर्षं सुटलो. तसं नसतं, दरवर्षी शंभरात चार इतकी शक्यता, गेल्या वर्षी आला असला तरी यंदा पण तेवढीच. आणि जुन्या रेषा जुन्या पावसावर काढलेल्या, वर सिमेंट वाढलं की त्याच पावसात पूर मोठा होतो, म्हणजे रेषा सरकायला पाहिजे, ती सहसा सरकत नाही. आपल्याच जिल्ह्यात नरखेड तालुक्यात मोवाड आहे, 30 जुलै 1991 ला वर्धा नदीच्या पुरात दोनशेवर माणसं गेली, नंतर गाव दुसरीकडे वसवावं लागलं. पूररेषा बघताना मला ते आठवतं, रेषेवरून वाद घालणाऱ्या बिल्डरला मात्र आठवत नाही.

पूर्व विदर्भाकडे याबाबतीत एक जुनी गोष्ट आहे जिच्याबद्दल नागपुरात फार कमी बोललं जातं, मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हे हजारोंनी आहेत, कोहळी समाजाच्या लोकांनी गोंड राजांच्या काळापासून बांधलेले, एकाखाली एक, वरच्याचा सांडवा खालच्यात. मुद्दा मघाचाच, भरलेला तलाव पूर अडवत नाही. पण साखळीने पाणी सांडव्या-सांडव्यावरून उतरताना वेळ घेतं, लाट बसकी होते, आणि धानाच्या बांधीत पण वीतभर पाणी उभं राहतं. आज कित्येकांत गाळ भरलाय, पाळीवर घरं, सांडवा बुजवून शेत काढलेलं. वैनगंगेसाठी नवीन काही बांधायच्या आधी या तलावांचे सांडवे मोकळे करा असं मी बैठकीत म्हटलं की लोक कौतुकाने मान हलवतात आणि पुढचा विषय घेतात, कारण यात उद्घाटनाला काही नसतं. नाग नदीचा सुमारे दोन हजार कोटींचा प्रकल्प पण मुळात सांडपाण्याचा आहे, मलवाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्रं, तो व्हायलाच पाहिजे कारण ती घाण शेवटी गोसीखुर्दात जाते, पण तो झाला म्हणून पूर कमी होईल असा गैरसमज नको.

आता ताई, तुमच्यापुरतं. भिंत बांधली ती ठेवा, पण नाल्याचं पाणी चढल्यावर तुमच्या आवारातलं पावसाचं पाणी बाहेर जाणार नाही, उलट गटाराच्या पाइपातून आत येईल, त्या पाइपाला उलटं पाणी रोखणारी झडप बसवून घ्या, भिंतीपेक्षा स्वस्त आहे आणि बरेच लोक हेच विसरतात. समोरचा सिमेंट रस्ता घराच्या जोत्यापेक्षा वर गेला असेल (नागपुरात कुठे नाही गेला?) तर पाणी रस्त्यावरून आत येणारच, भिंत मागच्या बाजूला असून काय फायदा. मीटर आणि इन्व्हर्टर वर चढवा. मग वस्तीतले चार जण मिळून भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा काढा, त्यावर नाला किती रुंद दाखवलाय ते बघा आणि आजचं टेप लावून मोजा. तुमच्या वर दोन आणि खाली दोन पुलिया असतील, त्यांचे पण गाळे मोजा आणि एका कागदावर ओळीने लिहा. जिथे गाळा एकदम लहान होतो ती जागा लगेच दिसेल, आणि शक्यता आहे की ती तुमच्या लेआऊटमध्ये नसेलच, खाली कुठेतरी असेल. तो कागद झोनच्या अभियंत्याकडे एकट्याने नेऊ नका, वरच्या आणि खालच्या वस्तीतल्या लोकांना सोबत घेऊन जा, आणि अंबाझरीची पातळी पावसाळ्यात कोणत्या तारखेला किती ठेवणार हे लेखी मागा.